मामाने छत कापलं ती गाडी

मामा गेला तेव्हाही तो मामीला 'आलोच' असंच म्हणाला होता. जन्मभर तेच म्हणत आला. ताट वाढून ठेवलंय, भाजी गार होतेय, मामी स्वयंपाकघराच्या दारातून कारखान्यात हाका मारतेय, गाडीखालून नुसते दोन पाय दिसताहेत आणि त्या पायांकडून आवाज येतो, आलोच. त्या दुपारीही आला. मग बराच वेळ काहीच नाही. मामी वैतागली, म्हणाली, "जेवण पण आता त्या सवतीलाच वाढायला सांगा!" तरी पाय हलले नाहीत. तेव्हा ती जवळ गेली.

म्हणजे बघा, बायकोचं शेवटचं वाक्य हे. मामीला रडू आलं ते आलंच, पण त्याहून राग जास्त आला. जाताना तरी माणसाने बायकोला दोन शब्द नीट बोलायची सोय ठेवावी की नाही? पण नाही. त्याचं सगळं तसंच.

मामा मोटार मेकॅनिक होता, पण साध्या गाड्यांना हात लावायचा नाही. त्याला खूळ एकच, इटलीच्या जुन्या गाड्या. त्या अशा बसक्या, पाचरीसारख्या, मांजर दबा धरून बसल्यासारख्या दिसतात ना, त्या. श्रीमंत माणसं हौसेने घेतात आणि मग वर्षभर झाकून ठेवतात, कारण त्या चालवायला म्हणजे डोक्याला ताप. सिग्नलला उभी राहिली की इंजिन उकळतं. पाऊस आला की काच पुसणारा दांडा आळस देतो. रस्त्यात साधा उंचवटा आला की पोट घासतं. आणि बसायला असं, की हात माकडाचे पाहिजेत नि पाय लहान मुलाचे. मामा म्हणायचा, "बनवणाऱ्याने रूप इतकं दिलं की अक्कल द्यायला जागाच उरली नाही. ती मी देतो."

आणि द्यायचा. मोठे पंखे बसवायचा, ब्रेक नवीन घालायचा, गाडी बोटभर उचलायचा, खुर्ची मागे सरकवायचा. काढलेला मूळ भाग मात्र कधी फेकला नाही. जुन्या चादरीत, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. मामीच्या घरात धड चादर सापडायची नाही, सगळ्या माळ्यावर इटलीच्या लोखंडाला पांघरलेल्या. आणि दुसरा नियम म्हणजे गाडीला नवीन भोक पाडायचं नाही. जे बसवायचं ते आहे त्याच भोकांत. "उद्या कोणाला परत जुनी करायची तर बोल्ट खोलले की झालं. मी सून आहे, घर माझं नाही," असं म्हणायचा.

आणखी एक करायचा, ते चोरबटण. प्रत्येक गाडीत एक लपवलेलं बटण, ते दाबल्याशिवाय गाडीत वीजच येत नाही. ते कुठे बसवायचं हे ठरवायला तो मालकाला गाडीत बसवून चहा द्यायचा आणि गप्पा मारत नुसता त्याचा हात बघत बसायचा. एक दातांचा डॉक्टर होता, तो बोलताना सारखा राखेच्या डबीचं झाकण उघडझाप करायचा. त्याचं बटण त्या झाकणाखाली. "हात जिथे आपोआप जातो तिथे बटण. मालकाला आठवावं लागत नाही आणि चोराला सात जन्म सापडत नाही." मामी म्हणायची, "दुसऱ्यांचे हात बरे दिसतात तुम्हाला. माझे हात भांड्यांत आहेत ते कधी दिसले?"

ह्या सगळ्यावर खवळायचे ते ओरिजिनलराव. हे नाव मामानेच ठेवलेलं. जुन्या गाड्यावाल्यांचं एक मंडळ आहे, त्याचे हे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं असं, की गाडी कारखान्यातून आली तशीच राहिली पाहिजे, स्क्रू बदलला तरी पाप. दर आठवड्याला यायचे, मामीच्या हातचा चहा प्यायचे आणि मामाला शिव्या घालायचे.

"तू खाटीक आहेस, खाटीक! मूळ गाडीत पंखा एकच होता."

"मूळ गाडीला पुढे गर्दीपण नव्हती साहेब."

"आणि हे चोरबटण कुठून आलं?"

"चोरांकडून."

त्यांची स्वतःची गाडी एकदम ओरिजिनल. आतली हवासुद्धा ओरिजिनल असं मामा म्हणायचा, कारण तिचं दारच कधी उघडलं जात नाही. प्रदर्शनाला जाताना ती ट्रकच्या पाठीवर बसून जायची आणि तशीच परत यायची. पोरगी दाखवायला नेल्यासारखी. पण गंमत अशी, की ओरिजिनलराव एखाद्या आठवड्याला आले नाहीत की मामाच अस्वस्थ व्हायचा. "आज शिव्या चुकल्या," म्हणायचा. मामीला दोघांचाही वैताग. एक बिघडवतो, एक बोंबलतो आणि कपबशा हिने विसळायच्या.

आता मामीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मामी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या शिव्या खाऊन गाडी शिकली. शिकवणारा डावीकडे बसतो, त्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो, आणि शिकणारा भिंतीवर निघाला की तो दाबायचा. इतकी वर्षं लोकांना भिंतीपासून वाचवून मामीचा गुडघा गेला. एकतर तो वाकतच नाही आणि वाकला तर सरळ होत नाही. शेवटी काम सोडलं. मग ती गाडीत बसेनाशीच झाली. बस असेल तर उभ्याने जायची, नाहीतर घरीच.

आणि मामाची स्वतःची एक गाडी होती. हळदी रंगाची, इटलीचीच. कोणीतरी ठोकून टाकून दिलेली, त्याने वर्षानुवर्षं जोडत आणलेली. मामी तिलाच सवत म्हणायची. स्टिअरिंग डावीकडे, बुटकी इतकी की उभ्या मामीच्या कमरेला तिचं छत लागायचं. मामी म्हणाली होती, "ह्या पाचरीत मी बसायची नाही. बसले तर काढायला माणसं बोलवावी लागतील."

झालं. मामाने ते मनावर घेतलं, आणि घेतलं ते कसं! कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकान नवीन केलं, त्याच्या जुन्या खुर्च्या मामाने उचलून आणल्या. त्यांचा खालचा फिरता भाग काढून एक गाडीत बसवला. म्हणजे ड्रायव्हरची खुर्ची दाराकडे तोंड करून बाहेर येते, आपण उभ्याने टेकायचं आणि मग खुर्चीसकट आत वळायचं. पण आत वळताना डोकं छताला आपटणार ना? मग ह्याने छत कापलं! दारावरचा छताचा तुकडा कापून दारालाच जोडला, दार उघडलं की तो पण वर. ज्याने आयुष्यात कोणाच्या गाडीला साधं भोक पाडलं नाही त्याने स्वतःच्या गाडीचं छत करवतीने कापलं. हँडब्रेकही ओढायला नको म्हणून विजेवर केला. जुना दांडा मात्र तसाच उभा ठेवला, मध्ये, नुसता शोभेला.

मग मामीला म्हणाला, "बसून तर बघ."

मामीने ती न्हाव्याची खुर्ची बघितली. "माझी दाढी करायचीय का?"

"अगं टेक तरी."

"नाही टेकत. आधी माळ्यावरच्या चादरी खाली काढा, मग बोला."

नाहीच बसली. तोही हट्टी, परत म्हणाला नाही.

ओरिजिनलरावांनी ते छत बघितलं आणि कप खालीच ठेवला. नेहमीसारखे ओरडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आजवर तू जे केलंस ते परत फिरवता येत होतं. हे नाही. अशा गाड्या जगात किती उरल्यात ठाऊक आहे ना तुला? एक तू मारलीस." आणि गेले. नंतर आलेच नाहीत. मामा आठवड्याच्या त्या वारी दाराकडे बघत बसायचा. मामी म्हणाली फोन करा, तर म्हणे, "करतो." त्याचं 'करतो' म्हणजे 'आलोच'चा भाऊ.

ओरिजिनलराव आले ते मामा गेल्यावरच. कोपऱ्यात स्टुलावर बसले. मामीने सवयीने चहा दिला, तो त्यांच्या हातात गार झाला. नंतर पुन्हा आले तेव्हा मुद्द्याचं बोलले.

"वहिनी, ती गाडी मला द्या. माझ्याकडे त्या गाडीचं अख्खं छत आहे, एका मोडीतल्या गाडीचं. मी सगळं पूर्वीसारखं करतो. न्हाव्याची खुर्ची काढतो, तो ब्रेक काढतो. मंडळाच्या दालनात ठेवू, खाली त्याच्या नावाची पाटी लावू."

"तुम्ही तर खाटीक म्हणायचात."

"म्हणायचो," ते म्हणाले. 

मामी हो म्हणाली. कोणाला वाटेल कशी म्हणाली, पण तिच्या जागी राहून बघा. पुढे कारखाना नि मागे घर, मागच्या अंगणात जायची वाट गाडीच्या बाजूने. रोज धुण्याची बादली घेऊन तिला त्या गाडीला चिकटून आडवं सरकावं लागायचं. आणि रोज ते कापलेलं छत डोळ्यांपुढे. मुलगी फोनवर सांगत होती, "आई, देऊन टाक, अडगळ आहे." आणि मामीला त्या गाडीकडे बघून रडायलाच येत नव्हतं, नुसता संताप यायचा. ज्या माणसाशी भांडायचं तोच नाही आणि भांडणाचं कारण मात्र दारात उभं.

ठरल्या दिवशी सकाळी सपाट पाठीचा ट्रक आला. ओरिजिनलराव, ट्रकवाला आणि त्यांचा एक चष्मेवाला मिस्त्री. चौघांत मिळून गाडी ढकलू म्हणाले, म्हणजे चौथी मामी धरून. ढकलली तर गाडी हलेना. हँडब्रेक विजेवर ना! वीज आल्याशिवाय मागची चाकं सुटत नाहीत. मिस्त्री म्हणाला बॅटरीवरून वीज देतो, तर बॅटरी पुढच्या झाकणाखाली आणि ते झाकणही ह्या गृहस्थाने विजेवर केलेलं.

"तोडू का झाकण?" मिस्त्रीने विचारलं.

"खबरदार!" ओरिजिनलराव ओरडले. "ते ओरिजिनल आहे."

"मग ओढून काढू. टायर फाटतील फार तर."

"त्याने खालचा दांडा मोडेल. चोरबटण शोधा. कुठेतरी असणारच."

शोधा म्हणजे काय, गाडीला उवा बघतात तसं बघितलं. राखेची डबी, आरशाची मागची बाजू, खुर्चीच्या खाली, पायपुसणं उचलून. मिस्त्रीने तो शोभेचा हँडब्रेकही टोकाचं बटण दाबून वर ओढला, खाली केला. काही नाही. ओरिजिनलराव कोट काढून उजवीकडच्या खुर्चीत घुसले, घुसले म्हणजे आधी पाय, मग पोट, मग डोकं, आणि डॅशबोर्डच्या खाली हात घालून चाचपडत राहिले.

"वहिनी, आठवा जरा. जाताना काही बोलला असेल."

"बोलले ना," मामी म्हणाली. "आलोच म्हणाले."

मिस्त्री ट्रकवाल्याकडे बघून हसला आणि मग हसला नाहीसं केलं. ऊन चढलं. मामीची भाजी करायची राहिली होती. ओरिजिनलराव त्या खड्ड्यात घामाघूम, आणि घाम आला की माणूस मनातलं बोलतो. म्हणाले, "ह्या एका दारापायी छत कापलं! काय गरज होती? अशा गाडीत वाकूनच बसायचं असतं वहिनी. तो मान आहे गाडीचा. ज्याला वाकता येत नाही त्याने बसू नये."

मामी धुण्याची बादली घेऊन उभी होती. तिने ती खाली ठेवली.

"सरका हो," मिस्त्रीला म्हणाली.

खुर्ची बाहेर वळवली, टेकली आणि वळून आत गेली. गुडघ्याला कळलंसुद्धा नाही. डावी बाजू, तिची जन्माची बाजू. बसल्या बसल्या तिचा उजवा हात गेला तो सरळ मधल्या हँडब्रेकवर. शिकवणाऱ्याचा हात तिथेच असतो, अंगठा बटणावर दाबलेला, कधी ओढायला लागेल सांगता येत नाही. ती सवय काही सुटत नाही. आणि मग तिने तोंड उघडलं.

"काय म्हणालात भाऊजी? ज्याला वाकता येत नाही त्याने बसू नये? हा गुडघा कोणामुळे गेला माहितीय? तुमच्या लेकीला मी शिकवलं, तिने तीनदा मला दुधाच्या गाडीवर नेलं, तीनदा मी ब्रेक दाबला. तेव्हा म्हणालात का, वहिनी वाकू नका? आणि गाडीचा मान! तुमची गाडी आजवर स्वतःच्या पायाने कुठे गेलीय? ट्रकवर बसून जाते ती, नवरीसारखी! आणि हे, हे तरी काय मोठे शहाणे! जन्मभर नियम, भोक पाडायचं नाही, भोक पाडायचं नाही. लोकांच्या गाडीला पाडलं नाही ना? मग आपल्याच गाडीवर करवत चालवायची? मी सांगितलं होतं का? मी म्हणाले होते का, माझ्यासाठी कापा? एकदा म्हणाले बसून बघ. एकदा! दुसऱ्यांदा म्हणायला काय जीभ झिजत होती? मी नाही म्हणते म्हणजे नाहीच असतं का दरवेळी? इतक्या वर्षांत एवढं कळू नये माणसाला? पाय बघत बसायचे मी तुमचे, नुसते पाय—"

आणि पाठीमागच्या इंजिनाकडून एकदम घरघर सुरू झाली. मोठी. दोन्ही पंखे.

डॅशबोर्डवर दिवे लागले. मागच्या चाकांकडून 'टक' असा आवाज आला आणि गाडी बोटभर पुढे सरकून थांबली. मिस्त्री उडी मारून मागे झाला. ओरिजिनलराव त्या खड्ड्यातून वर बघत राहिले, हात अजून डॅशबोर्डखाली.

मामीने हळूच अंगठ्याकडे बघितलं.

मिस्त्रीने तेच बटण दाबलं होतं, पण दाबलं नि सोडलं. ते दाबून धरायचं होतं, बराच वेळ. इतका वेळ अंगठा कोण धरून बसतं? जो गाडीत बसला की बोलायला लागतो आणि बोलायला लागला की थांबत नाही, तोच.

"बघा," मामी म्हणाली.  "माझं बोलणं मोजून ठेवलं होतं ह्या माणसाने."

पदराने नाक पुसलं, म्हणजे अंगठा मोकळा झाला, तरी पंखे चालूच. किल्ली जागेवर होती. मामीने आरसा बघितला, आधी मधला, मग बाजूचा, जसं ती सगळ्यांना शिकवायची तसं. किल्ली फिरवली. इंजिनाने असा आवाज केला की वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली.

"ट्रक मागे घ्या," ती ट्रकवाल्याला म्हणाली.

"मागे म्हणजे? गाडी चढवायची आहे ना बाई?"

"मागे घ्या म्हटलं. आरशात बघून घ्या, तिथे खांब आहे."

ट्रक निमूट मागे गेला. कारण ट्रकवालाही तिच्याचकडे शिकलेला.

गाडी बाहेर पडली, गल्लीच्या तोंडाला वळली. इंजिन उकळलं नाही. उंचवटा आला, पोट घासलं नाही. ओरिजिनलराव बाजूला बसून दाराची कडी दोन्ही हातांनी धरून होते. वर कापलेल्या जागेची फट बघितली, तिच्यावर हळूच बोट फिरवलं. सांधा लागला नसावा, कारण परत फिरवलं.

"वहिनी, छत असंच राहिलं असतं तरी त्याच्या नावाची पाटी मी लावली असती," ते म्हणाले.

"लावा ना. घराला लावा. गाडीला नको."

सिग्नलला थांबले तेव्हा मामीने सांगितलं, "तुमच्या बाजूची राहिलीय. दुसरी खुर्ची न्हाव्याकडून आणलेली आहे, पोत्यात पडलीय. मी चालवणार नि हे तिकडे बसणार असं असणार त्यांच्या मनात, मला कुठे सांगतात. तुमच्या मिस्त्रीला जमेल का बसवायला?"

"त्याला त्या बाजूचंही छत कापावं लागेल."

"मग कापायचं."

"मी? मी कापू देऊ?" ओरिजिनलरावांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा चढला, मामाशी भांडताना चढायचा तसा. "माझा जीव गेला तरी नाही! एकदा झालं ते झालं, पण ह्या बाजूला कोणी करवत लावली तर—"

"बरं. मग उतरा इथे, बस मिळेल."

मामीने गाडी कडेला घेतली. ओरिजिनलरावांनी दार उघडलं. एक पाय बाहेर काढला, तो परत आत घेतला. मग दुसरा काढून बघितला. डोकं छताला आपटलं, तसा तोही आत आला. मग कंबर धरून तसेच थोडा वेळ बसले. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला.

"होतंय का?" मामीने विचारलं.

"आलोच," ते म्हणाले, आणि तिथेच अडकून बसले.

मामी तोंड फिरवून बाजूच्या आरशात बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग हात लांब करून त्यांचं दार ओढून लावून घेतलं आणि गाडी पुढे काढली.